एम.एस्सी. फिजिक्सच्या विद्यार्थ्यानं ऑप्टिक्स, इमेजिंग आणि मशीन लर्निंगच्या विज्ञान सप्ताहाला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरपूरला एम.एस्सी. फिजिक्स करताय. पुण्यातल्या एका संस्थेत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी ऑप्टिक्स, इमेजिंग आणि मशीन लर्निंगवर आठवडाभराचा कार्यक्रम आहे आणि त्यात एम.एस्सी.वाल्यांनाही काही जागा आहेत. पायथन जेमतेम येतं. कॉम्प्युटरच्या पोरांपुढे टिकाव लागेल का, आणि आपल्या खानदेशात याचा उपयोग काय?

जा भाऊ, नक्की जा. टिकाव लागण्याची चिंता नको. तीनपैकी पहिला विषय तुमचा आहे आणि या कार्यक्रमात बाकीचे दोन त्याच्याच जिवावर उभे आहेत. मी इकडच्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, केळीच्या पानांच्या फोटोंवर पोरांकडून प्रोजेक्ट करून घेतो. त्या अनुभवावरून सांगतो.

उपयोगाचं आधी घेऊ. पिकांचे रोग फोटोवरून ओळखण्याच्या संशोधनात ‘प्लांटव्हिलेज’ नावाचा फोटोंचा संच सर्रास वापरतात. त्यात १४ पिकं आणि ५४ हजारांहून जास्त फोटो आहेत. २०१६ साली त्यावर शिकवलेल्या एका मॉडेलनं, म्हणजे फोटो बघून रोग ओळखणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं, त्याच संचातल्या, चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के अचूकता दाखवली. हा आकडा सगळीकडे मिरवला जातो. पण वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर अचूकता ३१.४ टक्क्यांवर आली, हेही त्याच शोधनिबंधात प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे. पुढे २०२२ मध्ये आणखी एक तपासणी झाली. प्रत्येक फोटोतले पानाबाहेरचे, पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल घेतले, आणि तेवढ्यावर मॉडेलनं ४९ टक्के उत्तरं बरोबर दिली! पीक आणि रोग मिळून गट ३८ होते. डोळे मिटून उत्तर दिलं तर ३ टक्केही जमत नाहीत. रोगाच्या जोडीला मॉडेल मागचा कागद आणि त्या दिवशीचा उजेडही शिकून बसलं होतं.

त्या १४ पिकांत केळी नाही आणि कापूसही नाही. रावेर-यावलच्या बागेत केळीवरचा करपा किंवा हरण्या रोग ओळखायचा तर फोटो तिथेच जाऊन काढावे लागतात. ते कसे काढायचे, हा प्रश्न कोडिंगच्या आधी प्रकाशाचा आहे.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केळीच्या पानावर मेणाचा थर असतो. दुपारच्या उन्हात त्यावर चकाकी येते आणि करप्याच्या सुरुवातीच्या बारीक रेषा त्या चकाकीखाली दिसेनाशा होतात. पृष्ठभागावरून परतलेला हा प्रकाश, विशेषतः ५५ अंशांच्या आसपासच्या आपाती कोनाला, बराचसा ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात. तुम्ही पुस्तकात शिकलेला ब्रूस्टरचा कोन तो हाच. उलट पानाच्या आत शिरून, हरितद्रव्याला भेटून, विखरून बाहेर येणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण जवळपास पुसलेलं असतं. म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे लॅबमधला पोलरॉइड (एकाच दिशेत डोलणारा प्रकाश जाऊ देणारी पट्टी) धरून हळूहळू फिरवा. एका ठिकाणी चकाकी विझते आणि पानाचा खरा रंग वर येतो. चकाकीत पिक्सेल एकदा पांढराफटक झाला की त्यातली माहिती गेलीच. मागाहून कितीही मोठं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं मॉडेल) लावलं तरी ते तिथे अंदाजच भरणार. हा प्रयोग जाण्याआधी नक्की करून बघा.

तयारी म्हणाल तर फूरिए रूपांतर (चित्राची लहान-मोठ्या लहरींत फोड) आणि कन्व्होल्यूशन (प्रत्येक बिंदूच्या जागी एकच ठिपका पसरवून बेरीज) पक्कं करा. एका बिंदूतून निघालेला प्रकाश कॅमेऱ्यात बिंदू म्हणून उतरत नाही, त्याचा छोटा ठिपका पसरतो. त्या ठिपक्याचा आकार म्हणजे पॉइंट स्प्रेड फंक्शन. सूक्ष्मदर्शकापुरती त्याची मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ ॲबेनं १८७३ मध्ये मांडली: तरंगलांबीला न्यूमरिकल ॲपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्या मापाच्या) दुपटीनं भागा. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर, ॲपर्चर १.४, म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटर. आता पायथनमध्ये एखादा फोटो मुद्दाम धूसर करा, थोडा नॉइज (यादृच्छिक दाणेदारपणा) मिसळा, आणि फूरिए अवकाशात सरळ भागाकार करून मूळ फोटो परत मिळतो का बघा. मिळणार नाही, नॉइज भडकेल. हे एकदा स्वतःच्या स्क्रीनवर पाहिलं, की आठवडाभरातली निम्मी व्याख्यानं कशासाठी आहेत ते आपोआप कळतं. त्यासाठी नमपाय (NumPy, पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) पुरे, जेमतेम पायथन चालेल.

फेज, म्हणजे प्रकाशलहर तिच्या चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे, या विषयावर एखादं व्याख्यान असेल तर चुकवू नका. कॅमेरा प्रकाशाची तीव्रता मोजतो, फेज हरवते. पारदर्शक पेशीत बहुतेक माहिती फेजमध्येच असते. डच शास्त्रज्ञ झर्निकेनं तिला तीव्रतेत उतरवायची युक्ती काढली, त्याला १९५३ चं नोबेल मिळालं. १९७२ मध्ये गर्चबर्ग आणि सॅक्सटननं गणितानं, पुन्हापुन्हा गिरवून फेज परत मिळवायची रीत दिली. आज तेच काम नेटवर्ककडून करून घेतात, तेही झटक्यात. मला या क्षेत्राबद्दल खरी ओढ वाटते ती इथेच. पण जिथे मोजमाप अपुरं असतं तिथे नेटवर्क आधी पाहिलेल्या चित्रांवरून जागा भरतं, आणि भरलेलं चित्र दिसायला खऱ्याइतकंच स्वच्छ असतं. दवाखान्यात किंवा शेतात त्यावर निर्णय घ्यायचा तर हा फरक कळायलाच हवा.

त्यामुळे व्याख्यान संपल्यावर न लाजता हात वर करा. चाचणीचे फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यानं, दुसऱ्या ठिकाणी काढलेले होते का, हे विचारा. चित्रातला हा बारकावा मोजमापातून आला की मॉडेलनं घातला, हेही विचारा. उत्तर देताना वक्ता थांबून विचार करू लागला, तर चहाच्या वेळी त्याला गाठाच. असली माणसं मनापासून बोलतात. आणि पोस्टर लावायची मुभा असेल तर पोलरॉइडसह आणि पोलरॉइडविना काढलेले एकाच पानाचे दोन फोटो शेजारी लावा, दोन्हींचे हिस्टोग्राम (किती पिक्सेल किती उजळ आहेत त्याचे आलेख) खाली द्या. अर्जाची मुदत बघून घ्या आणि विभागप्रमुखांचं पत्र आधीच मागून ठेवा, परीक्षेच्या गडबडीत तेच राहून जातं.