‘वांशिक आणि वांशिक’? न्यू मेक्सिकोची लोकसंख्या मराठीत कशी मांडावी

विचारणा अशी आहे : अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यावर मराठीत माहिती लिहिताना लोकसंख्येची ‘रेशियल अँड एथ्निक’ रचना सांगायची वेळ आली. कोशात पाहिलं, तर दोन्ही शब्दांना ‘वांशिक’ हाच प्रतिशब्द. यंत्राला विचारलं, तर त्यानं ‘वांशिक आणि जातीय’ असं दिलं. त्यात आकडेही जुळेनात. गोरे ५१ टक्के, मूळ अमेरिकी १०, दोन किंवा अधिक वंशांचे २०, ‘इतर वंश’ १५, बाकीचे मिळून ४ आणि शिवाय हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक मुलुखांत मूळ असलेले, ४८. बेरीज १४८. ‘माझं मराठी चुकतंय की गणित?’ असा शेवटचा प्रश्न आहे.

गणित बरोबर आहे. घोळ शब्दाचाच आहे आणि बेरीज त्याच्याकडेच बोट दाखवते आहे.

२०२०च्या अमेरिकी जनगणनेत प्रत्येकाला दोन निरनिराळे प्रश्न होते. आधी विचारलं होतं, तुम्ही हिस्पॅनिक, लातिनो किंवा स्पॅनिश मूळ असलेले आहात का? त्यानंतर, तुमचा वंश कोणता? पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा माणूस दुसऱ्यात गोरा, काळा, आदिवासी, यांपैकी काहीही असू शकतो. तेव्हा ते ४८ टक्के शंभराच्या बाहेरचे नाहीत, त्या शंभरातच विखुरलेले आहेत. गोरे ५१ टक्के दिसतात, पण त्यांतले हिस्पॅनिक नसलेले साधारण ३६-३७ टक्केच. म्हणजे राज्यातला जवळजवळ दर सातवा माणूस गोराही आहे आणि हिस्पॅनिकही. ‘इतर वंश’ या रकान्यात तर बहुतेक हिस्पॅनिकच आहेत. छापलेल्या चौकटींतली एकही त्यांना आपली वाटली नाही. म्हणून दोन्ही उत्तरं एका तक्त्यात घालू नका, दोन तक्ते करा. आणि दोन तक्ते करायचे तर त्यांना दोन नावं हवीत.

गोरे, काळे, आदिवासी अशा चौकटींच्या तक्त्याला ‘वंश’ हे नाव चालेल, पण तो शब्द वापरताना मला दर वेळी थोडं थांबावंसं वाटतं. संस्कृतात वंश म्हणजे वेळू. घराच्या आढ्यापासून उतरणारा आपला ‘वासा’ त्याच शब्दातून आला. पेरामागून पेर वाढत जाणारा वेळू आणि पिढीमागून पिढी वाढत जाणारं कुळ, ही सांगड सहज लागते. रघुवंश, वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश. मराठी माणसाच्या तोंडी वंश असतो तो एका घराण्याचा, बापाकडून लेकाकडे जाणारा. अख्ख्या खंडातल्या माणसांना मिळून ‘एक वंश’ म्हणणं हे ‘मानववंशशास्त्र’ वगैरे शब्द घडले त्या काळातलं ताणलेलं वळण आहे. ‘रेस’साठी वंश घेतला की तोही रक्तामांसात मोजता येण्यासारखा पक्का आहे असं वाटू लागतं. तो तसा नाही. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगन फिशर यांच्या हाताखाली माणसांच्या कवट्या मोजत होत्या. गोऱ्या माणसाच्या कवटीची ठेवणच वेगळी, असं गुरूंचं अनुमान होतं. इरावतीबाईंच्या मोजमापांत तसं काही निघालं नाही आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. मराठीत ‘वंश’ लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. जनगणनेतला वंश म्हणजे माणसानं स्वतः खूण केलेली चौकट, एवढंच.

या चौकटी किती सरकतात याचं एक उदाहरण तर आपलंच आहे. १९२०, १९३० आणि १९४० या तीन जनगणनांत अमेरिकेनं ‘हिंदू’ हा एक वंश म्हणून मोजला. भारतातून आलेला शीख असो की मुसलमान, रकाना ‘हिंदू’. १९२३ साली भगतसिंग थिंड या शीख गृहस्थांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते ‘गोरे’ नाहीत असं ठरवलं, आणि म्हणून नागरिकत्व नाही. १९७०च्या जनगणनेत मात्र भारतीय गोऱ्यांत धरले गेले आणि १९८०मध्ये ‘एशियन इंडियन’ अशी वेगळी चौकट आली. मेक्सिकन हा १९३०मध्ये वंश होता, १९४०मध्ये नव्हता. माणसं तीच, चौकट बदलली.

आता यंत्रानं दिलेला ‘जातीय’. हा कृपा करून वापरू नका. बंगालीत ‘जातीय’ म्हणजे राष्ट्रीय, म्हणून बांगलादेशात राष्ट्रगीत ते ‘जातीय संगीत’. मराठीत ‘जातीय’ म्हटलं की एक तर जात डोळ्यांपुढे येते, नाही तर जातीय दंगल. न्यू मेक्सिकोची ‘जातीय रचना’ वाचून आपला वाचक तिथे कुठल्या जाती आहेत ते शोधत बसेल.

‘वांशिक’ दोन्हीकडे चालवायची सवय वर्तमानपत्रांनी लावली. मणिपूरमधल्या मैतेई आणि कुकी यांच्यातल्या संघर्षाला आपण ‘वांशिक हिंसाचार’ म्हणतो आणि अमेरिकेत काळ्या माणसाला मिळणाऱ्या वागणुकीला ‘वांशिक भेदभाव’. एकच शब्द दोन ठिकाणी दोन कामं करतो, आणि दोन्ही कामं एकाच वाक्यात आली की अडतो. न्यू मेक्सिकोत ती एकाच माणसात येतात.

तिथल्या हेनीसारो लोकांचं पाहा. सतराव्या-अठराव्या शतकात अपाची, नवाहो, कोमांची, यूट अशा जमातींतली पकडली गेलेली माणसं, त्यांत पुष्कळ बायका-पोरं, स्पॅनिश घरांत विकत घेतली जात. त्यांचा बाप्तिस्मा होई, नाव स्पॅनिश पडे, घरकामात आयुष्य जाई. पुढे त्यांना सरहद्दीवर जमिनी देऊन वसवलं, म्हणजे स्वाऱ्यांचा पहिला मार तेच झेलतील. आबिक्यू हे त्यांचं नावाजलेलं गाव. त्यांना पडलेलं नाव पाहा : तुर्की सुलतानाच्या फौजेतल्या जानिसारींवरून ते आलं, मूळ तुर्की ‘येनिचेरी’, म्हणजे नवे सैनिक. इस्तंबूलहून स्पेनमार्गे अमेरिकेच्या वाळवंटात पोचलेला हा शब्द आजही तिथली माणसं स्वतःसाठी वापरतात. रक्त आदिवासी, बोली स्पॅनिश, धर्म कॅथलिक. २००७मध्ये राज्याच्या विधिमंडळानं त्यांना तिथला आदिवासी समाज म्हणून मान्यता दिली. यांचा ‘वंश’ सांगून यांच्याविषयी काय कळणार? ते कोण, हे त्यांच्या इतिहासानं आणि एकमेकांशी असलेल्या नात्यानं ठरतं. ‘एथ्निक’ या शब्दाला नेमकं हेच म्हणायचं असतं.

त्यासाठी मराठीत चालता-बोलता शब्द आहे : समाज. आगरी समाज, पारशी समाज, सिद्दी समाज असं आपण रोज म्हणतो आणि त्यात भाषा, चालीरीती, देवधर्म, सोयरीक सगळं गृहीत असतं. वर हेनीसारोंबद्दल लिहिताना माझ्या हातून तो आपसूकच आला. मजकुरात हाच वापरा. अडचण एवढीच, की त्याला ‘सोसायटी’ हाही अर्थ आहे, म्हणून जिथे गोंधळ होईल तिथे ‘लोकसमूह’. मणिपूरबद्दलही ‘दोन लोकसमूहांतला संघर्ष’ म्हणणं मला अधिक खरं वाटतं.

हिस्पॅनिक असण्या-नसण्याच्या तक्त्याच्या मथळ्याला मात्र मी ‘मूळ’ घेईन. अर्जावरचा प्रश्नच मुळाचा आहे, आणि आपण नवा माणूस भेटला की विचारतोच, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ त्याला ‘मूळचे राजापूरचे’ असं उत्तर येतं, त्यात कातडीचा रंग नसतो. ‘मूळ’ इथे घेतला, तर ‘मूळ अमेरिकी’ बदलावं लागेल, नाही तर दोन तक्त्यांत तोच शब्द. तिथे ‘अमेरिकी आदिवासी’ लिहा, वाचकाला लगेच कळतं.

म्हणजे मजकूर साधारण असा होईल : ‘लोकसंख्या : वंश आणि मूळ. २०२०च्या जनगणनेनुसार न्यू मेक्सिकोची लोकसंख्या सुमारे २१ लाख १७ हजार आहे. वंश पाहता गोरे ५१ टक्के, अमेरिकी आदिवासी १०, दोन किंवा अधिक वंश सांगणारे २०, इतर वंश सांगणारे १५, उरलेले ४. मूळ पाहता हिस्पॅनिक ४८ टक्के, हिस्पॅनिक नसलेले ५२. हिस्पॅनिक व्यक्ती कोणत्याही वंशाची असू शकते.’

‘सांगणारे’ हा शब्द गाळू नका. आणि मजकुरात साल ठेवाच, कारण मार्च २०२४मध्ये अमेरिकी सरकारनं हे दोन प्रश्न मिळून एकच करायचं ठरवलं आहे. तसं झालं तर पुढच्या जनगणनेत ‘हिस्पॅनिक’ ही चौकट ‘गोरे’च्या शेजारी येईल आणि वरचे दोन तक्ते पुन्हा नव्यानं मांडावे लागतील.