पन्नाशीनंतर हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत होऊ शकते का?

तुम्ही लिहिलंय की वय ५१, दहा वर्षं पळताय आणि गाडी २ तास १० मिनिटांवर अडकलीय. आता वय गेलं का, की अजून काही होईल? माझं झालं, गेल्या वर्षी, ५६व्या वर्षी. पण त्याआधी दोन तासांच्या आतलं एक खोटं सर्टिफिकेट ११ वर्षं माझ्या दुकानात टांगलेलं होतं. त्यामुळे जरा पहिल्यापासून सांगतो.

साताऱ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पळायला लागलो ते भरतीसाठी. आमच्याकडे पोरगं दहावी झालं की पहाटे रस्त्याला लागतं. जवळच्या एका गावाचं तर नावच अपशिंगे मिलिटरी आहे. १९८७ ला मी भरतीत १६०० मीटर मारले आणि मेडिकलला तळपाय सपाट म्हणून बाहेर पडलो. भरती सुटली, पळणं सुटलं नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, कुठल्या गावची यात्रा, जिथं खुला गट असेल तिथं पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हजर. त्या काळातल्या दोन स्टीलच्या कळश्या घरात अजून आहेत. पहिला कधीच आलो नाही. चौथा हा माझा हक्काचा नंबर, आणि चौथ्याला टाळ्या मिळतात.

दुकानाच्या खतावणीत मागच्या पानांवरून उलट्या बाजूनं माझ्या पळण्याचा हिशेब असतो. पुढून उधारी, मागून किलोमीटर. पहिली हाफ १९९८, २ तास २१ मिनिटं. २००९ ला २:०४. तिथून पुढं तुमच्यासारखाच अडकलो. हाफ म्हणजे २१.१ किलोमीटर, त्यामुळे दोन तास म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, असं २१ वेळा आणि वर थोडं. कागदावर बघितलं की वाटतं, एवढंच तर आहे.

२०१३ ला शेजारच्या जिल्ह्यात सपाट रस्त्यावरची एक स्पर्धा पळालो. गेटवर १:५८:२०. पोरानं त्याच आठवड्यात सर्टिफिकेटला सागवानी फ्रेम करून आणली आणि दुकानात गणपतीच्या शेजारी लावली. गिऱ्हाईक विचारायचं, मी मान डोलवायचो. मनात मात्र पहिल्या दिवसापासून किडा. शेवटच्या दोन किलोमीटरला जसं मरायला होतं तसं झालंच नव्हतं, आणि ज्यांच्याकडे जीपीएसची घड्याळं होती त्यांतले दोघे-तिघे २०.४ किलोमीटर म्हणत होते. जीपीएस थोडं इकडं-तिकडं दाखवतं हे मान्य, पण नीट मोजलेल्या मार्गावर ते बहुतेकदा जास्त दाखवतं, ७०० मीटर कमी नाही.

मग मी एक उद्योग केला. कॉइल गुंडाळायच्या मशीनवर वेढे मोजायचा चार आकडी काउंटर असतो. तो काढून सायकलच्या पुढच्या चाकाला बसवला. टेप लावून शाहू स्टेडियमच्या बाहेर चाकाचा फेरा मोजला : हवा पक्की भरून, वर मी बसलेला असताना, २ मीटर १९ सेंटिमीटर. रविवारी पहाटे मित्राच्या छोट्या हत्तीत सायकल टाकून त्या गावाला गेलो आणि अख्खा मार्ग सायकलवरून मोजला. (नंतर कळलं की जगभर मॅरेथॉनचे मार्ग असेच मोजतात. सायकलच्या चाकाला जोन्स काउंटर लावतात, आणि अंतर चुकून कमी पडू नये म्हणून किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. मला वाटलं होतं शोध मीच लावला.) ९,६३४ फेरे व्हायला हवे होते. झाले ९,३०६. म्हणजे ७१८ मीटर कमी. माझ्या त्या दिवशीच्या वेगानं त्याला आणखी ४ मिनिटं १० सेकंद लागली असती. खरी वेळ २:०२:३०.

आयोजकांना फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "काका, सर्टिफिकेट मिळालं ना?" विषय संपला. घरी सांगायचं धाडस झालं नाही. पोरानं खिशातले पैसे घालून फ्रेम केली होती. खतावणीत मात्र त्या ओळीपुढं मी लाल पेननं फुली मारली.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. पन्नाशीनंतर वेळ सुधारते का? जो विशीत चांगल्या कोचच्या हाताखाली पळालाय त्याची बहुतेक नाही सुधारत. वयाबरोबर हृदयाचे कमाल ठोके कमी होतात, दमसास उतरतो, स्नायू झडतो. ते कुणाला चुकलेलं नाही. पण तुम्ही-आम्ही चुकीचं पळालेले लोक आहोत. आपल्याकडं शिल्लक खूप असते. माझं चुकत होतं ते घाटात पळणाऱ्या एका पोरीनं दाखवलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या १५ ऑगस्टला रिओत ३००० मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) फायनल पळाली, दहावी आली. त्यानंतर यवतेश्वर घाटात पहाटे पोरी जास्त दिसायला लागल्या असं माझं आपलं निरीक्षण. त्यातलीच ती, पोलीस भरतीवाली. चार-पाच दिवस मला बघत होती. एक दिवस म्हणाली, "काका, तुम्ही रोज रेस का मारताय?"

खरंच मारत होतो. आठवड्यातले सहा दिवस, तेच आठ किलोमीटर, कालच्यापेक्षा दहा सेकंद तरी कमी. तीस वर्षं! त्यानं होतं असं, की सावकाश पळायच्या दिवशी आपण जास्त जोरात पळतो आणि जोरात पळायच्या दिवशी पायात काही उरत नाही. ती म्हणाली, पळताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर तो सावकाश नाही. मी चारच दिवसांवर आलो. तीन दिवस इतकं हळू, की राजवाड्यावर मॉर्निंग वॉकवाले "काय मिस्त्री, लागलंय का पायाला?" विचारायचे. लाज वाटते, पण तीन महिन्यांत ती मोडते. चौथ्या दिवशी घाटात चढावर जोरात. जोराचे दिवस दोन ठेवलेत तर मध्ये निदान दोन दिवस अंतर. चाळिशीपर्यंत एक चालायचा, आता नाही चालत. आणि आठवड्यातून दोनदा एका पायावर उठाबशा, पायरीवर टाचा उचलणं, हातात पाच एचपीचा रोटर घेऊन. तुम्ही डंबेल घ्या. एकदा डॉक्टरकडं जाऊन हृदयाची तपासणीही करून घ्या, ती मीही केली.

आमची सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. गावातून निघून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेनं परत. सगळे चढाची भीती घालतात, माझे पाय उताराला जायचे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जाता जाता ब्रेक लावत असतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. त्यावर औषध एकच : स्पर्धेआधी तीन-चार आठवडे उतारावर पळून घ्यायचं. एकदा तसा मार बसला की पुढच्या वेळी तेच पाय निम्मंसुद्धा दुखत नाहीत. पावलं छोटी, टाच आपटायची नाही. चढाला सगळे जोर लावतात तेव्हा मी मागं राहायला शिकलो, हे या सगळ्यात अवघड. अशा वेळा खाली आल्या : २०१९ ला २:०९, २०२२ ला २:०५, २०२३ ला २:०१:५०.

गेल्या वर्षी पाऊस आणि धुकं, घाटात दहा फुटांपुढचं दिसत नव्हतं. शाळेची पोरं टाळ्या वाजवत होती, ती दिसायच्या आधी ऐकू यायची. वळण घेऊन परत फिरलो तेव्हा घड्याळ बघितलं तर ४८ मिनिटांवर थांबलेलं. रेनकोटच्या बाहीनं कधीतरी बटण दाबलं गेलं होतं. त्यामुळे पुढचं सगळं अंदाजानं. गेटमधून आत आलो तेव्हा वरचं घड्याळ २:०१ च्या पुढं होतं. ते स्पर्धा सुटायच्या बंदुकीपासून चालतं. आपली वेळ मोजणारी चिप सुरुवातीच्या पट्टीवरून पाय गेला की सुरू होते. गर्दीत मला तिथं पोचायला एक मिनिट लागलं की दोन, देव जाणे. मेडल घेतलं, घरी गेलो, पोहे खाल्ले. बायकोनं विचारलं, "किती?" म्हटलं, "बघू."

तेवढ्यात वडूथकडच्या एका गिऱ्हाइकाचा फोन. मोनोब्लॉक पंप जळालेला, गोठ्यात बारा म्हशी, पाणी नाही. रविवार असून दुकान उघडलं. स्टेटर भरून झाला, वार्निश ओतत होतो, तेव्हा खिशातला मोबाइल वाजला. हात चिकट, म्हणून त्या गिऱ्हाइकालाच म्हटलं, काढा आणि वाचा. तो सावकाश वाचायला लागला : नाव, नंबर, गट, मग म्हणाला, "एक, एकोणसाठ, चौतीस. काय हाय मिस्त्री, बिल हाय का कुठलं?"

मी त्याला परत वाचायला लावलं. मग त्याला म्हटलं, रिवाइंडिंगचे पैसे नकोत, तारेचे तेवढे द्या. तो घाबरला, मोटार चालणार नाही की काय म्हणून.

संध्याकाळी पोराला २०१३ चं सगळं सांगितलं. सायकल, काउंटर, लाल फुली. तो म्हणाला, "पप्पा, मला २०१४ लाच कळलं होतं. खतावणीत उधारी शोधत होतो तेव्हा."

सर्टिफिकेट उतरवलं. नवं मोबाइलवरच आलंय, ते छापलेलं नाही. फ्रेम सागवानी आणि दणकट. तिच्यात आता दुकानाचं शॉप ॲक्टचं लायसन आहे.