दागिने गहाण ठेवून मोठ्या डिश घ्याव्यात का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. गावात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तालुक्याचा एक केबलवाला धंदा गुंडाळतोय आणि त्याच्याकडच्या सात मोठ्या डिश (दोन बारा फुटी, पाच आठ फुटी) १ लाख ४० हजारांना द्यायला तयार आहे. पोळ्यापर्यंत त्याला उत्तर हवंय. या डिश दुरुस्त करून विकायच्या, शिवाय सळई आणि जाळी आणून तशाच डिश दुकानात बनवायच्या, असा बेत आहे. त्यासाठी आणखी लाखभराचा माल लागेल. घरात शिल्लक ९० हजार. बाकीचे दीड लाख पत्नीच्या दागिन्यांवर, महिना एक टक्क्याने. वर्षाला वीस डिश खपतील, एकीमागे तीन हजार सुटतील, असा त्यांचा हिशोब.

भाऊ, दागिने ठेवू नका. सातही डिश मिळून १ लाख ४० हजारांना घेऊ नका. तुमच्या हातात चांगली कला आहे, म्हणूनच कारणं नीट सांगतो.

नुसती मंदी असती तर वर्ष-दोन वर्षं कळ काढता आली असती. इथे गिऱ्हाईकच उरलेलं नाही. १९९१-९२ नंतर परदेशी आणि खासगी चॅनेल आले, ते सी-बँड नावाच्या उपग्रह-लहरींच्या पट्ट्यावर. उपग्रहाचा सिग्नल क्षीण, म्हणून आठ-दहा-बारा फुटांची डिश लागायची आणि ती परवडायची फक्त केबलवाल्याला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली, तीच आजची डीडी फ्री डिश. दोन फुटांची डिश, एकदाच पैसे भरायचे, महिन्याचं भाडं नाही. पुढे केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं. ग्रामीण भागाची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. आता गावच्या केबलवाल्याला सिग्नल मोठ्या कंपनीकडून, बहुतेक ठिकाणी फायबरवरून येतो. स्वतःची डिश त्याला नकोच आहे, आणि तुमचा केबलवाला विकतोय तेही त्यामुळेच. त्यातच मोबाइलचा डेटा स्वस्त झाला. पैसे भरून घेतलेल्या छोट्या डिशसुद्धा लोक बंद करतायत: दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांत २०२० मध्ये असे ग्राहक सात कोटींच्या घरात होते, २०२५ मध्ये सहा कोटींच्या खाली आले. दोन फुटी डिशची ही गत असेल, तर बारा फुटी कोण घेणार?

तुम्ही लिहिलंय की पूर्वी कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीच्या डिशवर खेड्यांत टीव्ही चालायचा, मग आपण का नाही बनवू शकत. गोष्ट खरी आहे. १९७५-७६ मध्ये इस्रोने नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही दाखवला, तेव्हा दहा फुटी डिश अशाच जाळीच्या होत्या. पण तो सिग्नल ८६० मेगाहर्ट्झचा, म्हणजे लहरीची लांबी जवळपास ३५ सेंटीमीटर. त्या लहरीला इंचभराचं भोक भिंतीसारखंच. सी-बँडची लहर साडेसात सेंटीमीटरच्या आसपास असते. तिथे जाळीची भोकं पाऊण सेंटीमीटरहून बारीक हवीत, आणि वाकाचा फरक चार-पाच मिलिमीटरच्या आत राहायला हवा. आठ फुटी म्हणजे २४० सेंटीमीटर व्यासाची डिश ४० सेंटीमीटर खोल केलीत, तर एलएनबी, म्हणजे डिशसमोर बसवलेली सिग्नल पकडणारी डबी, मध्यापासून बरोबर ९० सेंटीमीटरवर येते (व्यासाचा वर्ग भागिले खोलीच्या सोळा पट). चांगला कारागीर एक डिश अशी बनवेलही. वीसच्या वीस एकसारख्या बनवायच्या तर साचा लागेल, आणि साच्याचा खर्च तुमच्या हिशोबात कुठेच नाही.

शिवाय आणखी एक नवी अडचण आहे. ५जी साठी २०२२ च्या लिलावात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा गेला. जुन्या एलएनबी पुष्कळदा ३.४ पासूनच सिग्नल ओढतात. जवळ टॉवर असेल तर चित्र फाटतं, मग फिल्टर लावा. गिऱ्हाईक तक्रार घेऊन तुमच्याच दारात येणार. आणि लोकांना हवे असलेले बहुतेक चॅनेल कुलूपबंद, म्हणजे पैसे भरल्याशिवाय न दिसणारे असतात. ते चोरून उघडून देणं गुन्हा आहे. मोफत चॅनेलसुद्धा गावभर वायर टाकून दाखवायचे तर १९९५ च्या केबल कायद्याखाली नोंदणी लागते. त्या वाटेला जाऊच नका.

आता पैशांचं. दीड लाखावर महिना दीड हजार, वर्षाला १८ हजार व्याज. तुमच्याच अंदाजाप्रमाणे वीस डिश गेल्या तर ६० हजार सुटतील, व्याज जाऊन ४२ हजार. सहाच गेल्या तर १८ हजार, म्हणजे वर्षभर राबून फक्त व्याज निघालं, मुद्दल तसंच डोक्यावर. हे वीस जण कोण, त्यांतल्या एकाचंही नाव पत्रात नाही. पाच जणांकडून इसार घेऊन दाखवा, मग मी माझं मत पुन्हा तपासेन. दागिने वहिनींचे आहेत. हा हिशोब त्यांच्यासमोर मांडून झाला आहे का, तेही पत्रात नाही. तो आधी व्हायला हवा.

ते ९० हजारही मोकळे समजू नका. घरखर्च महिना १५ हजार लिहिलाय, म्हणजे ही सहा महिन्यांची बेगमी आहे. मुलगी यंदा बारावीला आहे, जूनमध्ये प्रवेशाची फी येईल. यातले ७० हजार बँकेत मुदत ठेवीत टाका.

उरले वीस हजार. त्यांवर डिशचा विचार करता येईल, पण भंगाराच्या भावाने. चुंबक घेऊन जा आणि डिशच्या प्रत्येक पाकळीला (जोडून डिश बनते त्या तुकड्याला) लावून बघा. चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम. त्याला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो. डिश फायबरग्लासची असेल तर तिला भंगारवाला हातही लावत नाही, फक्त मागचा सांगाडा आणि पाइप मोजा. एक पाकळी काट्यावर ठेवा, तिला पाकळ्यांच्या संख्येने गुणा, आणि यवतमाळच्या दोन कबाड्यांना भाव विचारा. त्यातून खोलणं आणि गाडीभाडं वजा करा. जो आकडा येईल त्याच्या वर एक रुपयाही नाही.

डिशची सूर्यचूल करायचंही तुम्ही विचारलंय. साडेचार फुटी चूल कडक उन्हात साधारण ६०० वॉटची आच देते. आठ फुटी आरसा डोळ्यांना आणि हाताला धोक्याचा. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचा स्वयंपाक दिवस उगवायच्या आत उरकतो, त्यामुळे गावात अशा चुलीला फारसं गिऱ्हाईक दिसत नाही. स्वतःच्या अंगणात हौसेनं एक छोटी करा.

जाळीचंच काम करायचं तर शेताच्या कुंपणाचं बघा. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं उभं पीक नासवतात, शेतकरी रात्र-रात्र जागलीला जातो. गेट, खांब, तारजाळी यांची चौकशी तुमच्या दुकानात येत असणारच. सोयाबीनचा पैसा हातात आला की इसारही मिळेल. होळीच्या आधी कूलरच्या टाक्या आणि सांगाडे. ही दोन्ही कामं ऑर्डर घेऊन मग माल आणायची आहेत, दागिने कपाटातच राहतात.

केबलवाल्याला पोळ्याआधी वजनाचा भाव सांगा. आठ फुटीतल्या ॲल्युमिनियमच्या दोन त्या भावात देत असेल तर उचला, नाहीतर सरळ नाही म्हणा.