सांगलीतलं पिढीजात अंत्यविधी साहित्याचं दुकान नेमकं काय काय करतं?

तुमची आजी सांगलीत थकलेली आहे, तुम्ही सगळे पुण्यात, आणि वेळ आलीच तर अशा दुकानाकडून काय मिळतं, भरवसा कुणावर ठेवायचा, हे तुम्ही विचारलंय. आमचं असंच दुकान आहे, आजोबांपासूनचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर बुरडाचं. आजोबा सुपं, दुरड्या, पाट्या विणायचे. बांबू दारात असायचाच, त्यामुळे आसपास कुणाचं मयत झालं की माणसं तिरडीसाठी बांबू मागायला आमच्याकडे यायची. पण मडकं कुंभाराकडे, कापड पेठेत, शेणी आणखी कुठेतरी. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्यानेच ही वणवण करायची, हे आजोबांना बघवेना. त्यांनी कापड, मडकं, सुतळी, गुलाल, कापूर, राळ, तूप सगळं आणून ठेवायला सुरुवात केली. पुढे प्लास्टिकच्या पाट्या आल्या, विणकाम आटलं आणि हाच मुख्य धंदा झाला. शववाहिका आणि देह थंड ठेवायची शीतपेटी वडिलांनी घेतली.

आजोबांनी घालून दिलेली एक शिस्त आम्ही आजही मोडत नाही. प्रत्येक वस्तूचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो आणि रात्री तीनला दार वाजलं तरी तोच भाव. मयताच्या घरचा माणूस घासाघीस करत नाही, दुकानदार म्हणेल ते देतो. या धंद्यात पाप करायला जागा आहे ती इथेच. तुम्ही कुठलंही दुकान निवडा, पण आधीच फोन करून सामान, गाडी आणि शीतपेटी यांचे दर वेगवेगळे विचारून घ्या. ‘अशा वेळी पैशाचं काय बोलायचं, नंतर बघू’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. आणि जो दुकानदार ‘हे घ्यायची गरज नाही’ असंही सांगतो, तो चांगला. चंदनाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या महागड्या लाकडावाचून कुणाचंही काही अडत नाही.

आमच्याकडे सामान एकसारखं देऊन चालत नाही, कारण सांगली-मिरजेत रीती अनेक. दहनाला साधारण आठ मण, म्हणजे तीनशे किलोच्या वर लाकूड लागतं, शेणी जास्त वापरल्या तर त्यातलं बरंचसं वाचतं. लिंगायत घरात दफन असतं. देह बसवून, विभूती लावून विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीसारख्या मखरातून नेतात. ते विमान बांबूचं, आम्हीच बांधतो. आजोबांच्या हातची गाठ वडिलांनी उचलली आणि त्यांच्याकडून मी, पण केळीचे खुंट आणि फुलं लावून ते उभं करायला वेळ लागतो. दुसरं असं की मृत्यूनंतर काही तासांतच अंग ताठरायला लागतं, मग देह बसवणं अवघड जातं. म्हणून लिंगायत घरांना मी आवर्जून सांगतो, नातेवाइकांना फोन करत बसण्याआधी जंगमांना, म्हणजे तुमच्या पुरोहितांना, आणि आम्हाला कळवा. मुस्लिम घरांसाठी कफनाचं कापड ठेवतो, ख्रिस्ती घरांसाठी शवपेटी ओळखीच्या सुताराकडून करून घेतो. बाकीचं त्यांचे लोक मायेने करतात, तिथे आम्ही मध्ये पडत नाही.

तुम्ही पुण्याहून निघणार म्हणजे शीतपेटी लागेलच. ती घरपोच मिळते, मात्र घरात इन्व्हर्टर आहे का ते बघून ठेवा. आजींना पेसमेकर असेल तर दहनाआधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो, आगीत तो फुटतो. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत, तुमची वाट न बघता. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा. नेत्रपेढीला फोन आम्ही करून देतो.

आता कागदांचं, कारण लोक अडकतात ते इथे. मृत्यू घरी झाला तर आजींना नेहमी तपासणारे डॉक्टर येऊन मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतात. ते हातात आल्याशिवाय देह हलवू नका. डॉक्टर कोण हे आजच ठरवून ठेवा, ऐनवेळी अनोळखी डॉक्टर सही करायला धजत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पडून किंवा अपघाताने मृत्यू झाला तर आधी पोलिस आणि शवविच्छेदन, त्यात आम्ही काहीच करू शकत नाही. स्मशानातली पावती म्हणजे मृत्यूचा दाखला, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि ती मृत्यू जिथे झाला तिथे होते. शहरात महापालिकेत, खेड्यात ग्रामपंचायतीत. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, पण नाव तुम्ही स्वतः वाचून बघा. आधारवर ‘सुशीला’ आणि बँकेत ‘सुशीलाबाई’ एवढ्या फरकावरून घरं महिनोन्महिने हेलपाटे घालताना मी बघतो आणि जीव तुटतो. म्हणून फॉर्म भरताना शेजारी बसायचं काम मी स्वतः करतो, त्याचे पैसे घेत नाही.

सांगलीचं म्हणून एक वेगळं आहे, ते म्हणजे कृष्णेचं पाणी. अमरधाम स्मशानभूमी नदीकाठी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तेव्हा घरातलं दुःख बाजूला ठेवून लोक आधी रस्ता कुठून चालू आहे ते विचारत होते. पूर आला की कुपवाड-मिरजेकडच्या उंचावरच्या स्मशानभूमीत न्यावं लागतं. पाऊस वाढला की आम्ही लाकूड आणि गाडी आधीच त्या बाजूला हलवतो.

रक्षाविसर्जन आपल्याकडे बहुधा तिसऱ्या दिवशी. मडकं, नैवेद्याचं सामान आम्ही देतो. हल्ली बरीच घरं रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डा काढून त्यावर झाड लावतात, मला ते फार आवडतं. तुमची जमीन असेल तर आजींशी आजच बोलून घ्या. त्या वयाची माणसं या विषयावर आपल्यापेक्षा मोकळेपणाने बोलतात.

फोन कराल तेव्हा एवढंच सांगा: देह घरी की दवाखान्यात, डॉक्टरांचा कागद झाला का, दहन की दफन, आणि शेवटचं माणूस किती वाजता पोचणार. पुण्याहून निघताना आजींचं आधार कार्ड कुणाच्या हातात आहे तेही विचारून घ्या.