अमेरिकेतील मेडिसिन रेसिडेन्सीची तयारी

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यात इंटर्नशिप करीत असून तिला अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण) करायची आहे. त्यासाठी लागणाऱ्या ‘यूएसएमएलई’ या अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेतील स्टेप १ ती उत्तीर्ण झाली आहे. नामवंत ठिकाणी प्रवेश मिळण्यासाठी तिने कशावर भर द्यावा? – एक पालक, घोडबंदर रोड

उत्तर : जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागत असल्याने गुणांची सारी मदार स्टेप २ सीके (क्लिनिकल नॉलेज) या पुढच्या परीक्षेवर आली आहे, ती परीक्षा घाईने उरकू नये, मात्र सप्टेंबरमध्ये अर्ज पाठवण्यापूर्वी तिचा निकाल हाती असावा. शिफारसपत्रांकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते, याचे मला वाईट वाटते. ‘विद्यार्थिनी हुशार व मेहनती आहे’ एवढ्याने काहीच साधत नाही. पावसाळ्यात वॉर्डात आलेल्या लेप्टोच्या रुग्णाची लघवी कमी होत असल्याचे तिने वेळीच कसे टिपले आणि वरिष्ठांना कसे कळवले, असा तपशील पत्रात हवा. अमेरिकेतील रुग्णालयात प्रत्यक्ष काम करून तिथल्या डॉक्टरांचीही पत्रे मिळवावीत. मुलाखतींनंतरचा पसंतीक्रम मात्र तिने मनापासूनच्या आवडीनुसारच लावावा, कारण ‘मॅच’ची (उमेदवार व रुग्णालये यांचे पसंतीक्रम जुळवून जागा देण्याची) पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासूनच सुरू होते आणि आपल्याला कोण घेईल याचा अंदाज बांधून क्रम बदलल्यास नुकसान तिचेच होईल.