५६ टक्के पडले, आता ग्रुप सोडू का?

मी समुपदेशक, माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, शब्द वेगळे असतात पण रडगाणं तेच. "हौस म्हणून एका ग्रुपमध्ये जायला लागले, पण तिथले सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात, माझ्यापेक्षा भारी आहेत, मी गेले की सगळे माझ्याकडेच बघतात असं वाटतं, सोडून देऊ का?" कुणाचा ट्रेकिंगचा ग्रुप असतो, कुणाची भजनी बैठक, एक काका तर ब्रिज खेळणाऱ्यांच्या कट्ट्याला घाबरून आले होते. यावेळी नुसतं उत्तर देत नाही, एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारलंय, त्यांनी वाचूनही बघितलंय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. आणि हो, यात माझी फजितीपण आहे.

ताई पुण्यातल्या, वय ४६, बँकेत नोकरी. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि घर एकदम रिकामं झालं. घोडा म्हणजे काय, तर आपल्या सगळ्यांचा असतो तेवढाच, लहानपणी माथेरानला बाबांनी घासाघीस करून दिलेली एक चक्कर. मग सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडमध्ये भारताला ड्रेसाजचं टीम गोल्ड मिळालं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी आलेलं गोल्ड, आणि ताईंनी फोनवर तो व्हिडिओ बघितला. घोडा पळत नाही, उडी मारत नाही, चौकोनी मैदानात नुसता ठरलेल्या जागी ठरलेल्या चाली करतोय आणि वरचा माणूस काहीच करत नसल्यासारखा बसलाय. "मला वाटलं हे किती शांत आहे, मला हेच पाहिजे." दोन आठवड्यांत त्यांनी शहराबाहेरच्या एका रायडिंग क्लबात नाव घातलं. नवरा म्हणाला, "या वयात?" आणि मग गपचूप हेल्मेट आणून दिलं.

माझ्याकडे आल्या त्या आठ महिन्यांनी. पहिली पंधरावीस मिनिटं नुसत्या रडत होत्या, आणि मग म्हणाल्या, "मॅडम, मी तिथे खोगीरभरती आहे." मला आधी हसू आलं, कारण घोड्याच्या क्लबात याहून चपखल शब्द कुठला मिळणार, पण त्या अजिबात गंमत करत नव्हत्या. क्लबात बाराचौदा वर्षांची पोरं भराभर कँटर करतात, म्हणजे घोडा झेपा टाकत पळवतात, या अजून दुडकीतच, म्हणजे ट्रॉटमध्येच. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं इंग्रजीत चालतं. बऱ्याच जणांचे स्वतःचे घोडे, या क्लबच्या घोड्यावर. एका मुलीने कुणाला तरी "त्या आंटींच्या मागे नको" असं सांगितलेलं यांनी ऐकलं. आणि वर क्लबची छोटी ड्रेसाज शो झाली, त्यात यांना ५६ टक्के पडले आणि निकाल बोर्डावर लागला. आयुष्यभर फर्स्ट क्लास, बँकेच्या परीक्षाही पहिल्या झटक्यात पास, आणि आता ५६, तेही सगळ्या क्लबासमोर.

स्वतःचा घोडा आणि क्लबचा घोडा हे ऐकून मला इतिहासाचं पुस्तक आठवलं. मराठी फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. मी म्हटलं, ताई तुम्ही बारगीर आहात, आणि लढाया बारगिरांनीही मारल्यात. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हो, पण बारगिराला व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता."

आता माझी फजिती. मी काय केलं, तर आम्ही लोक सवयीने जे देतो ते दिलं. मैदानात घाबरायला झालं की खांदे सैल सोडा, खोल बसा, आणि सावकाश लांब श्वास सोडा. पुढच्या बुधवारी ताई आल्या त्या दारातूनच बोलत, "मॅडम, तुमच्या श्वासाने माझा घोडा बंद पडला!" झालं असं की ग्रुप लेसन चालू होता, एकामागे एक सहा घोडे ट्रॉटमध्ये, ताईंना धडधडायला लागलं, त्यांनी मी सांगितल्याबरहुकूम खोल बसून लांब श्वास सोडला आणि घोडा जागच्या जागी थांबला. मागचा घोडा जवळजवळ अंगावर आला, त्याच्या मागचा बाजूला गेला, मधलं एका घोड्याचं अंतर कुठल्या कुठे, सर ओरडायला लागले, पोरं खिदळायला लागली. नंतर सरांनी समजावलं की अंगाचा भार खोल सोडून श्वास बाहेर टाकणं हा घोड्यासाठी थांब असाच इशारा असतो. म्हणजे मी ताईंना शांत करायला गेले आणि घोड्याला ब्रेक लावून बसले. आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेर बसलेल्या पेशंटने आत डोकावून बघितलं.

पण खरं सांगते, त्या दिवशी मला ओशाळायला झालं. ड्रेसाज म्हणजे काय हे मी विचारलंच नव्हतं, भीती ही भीतीच म्हणून सरधोपट गोळी दिली. मग मी म्हटलं आता तुम्ही मला शिकवा, आणि पुढच्या वेळी ती मार्कांची शीट घेऊन या.

शीट म्हणजे एक कागद, चार घड्या घालून पर्सच्या तळाशी कोंबलेला. टेबलावर हाताने सपाट केला. डावीकडे एकेक हालचाल, समोर शून्य ते दहातले मार्क, आणि त्यापुढे परीक्षकांचा पेनने लिहिलेला शेरा. मैदानाच्या कडेने अक्षरं लावलेली असतात, ए पासून आत यायचं, मध्यावर एक्सला थांबून सॅल्यूट करायचा, समोर सी पाशी परीक्षक बसलेले. ताईंचं थांबणं, ५, शेरा "मागचा पाय बाहेर". २० मीटरचं वर्तुळ, ५.५, "अंडाकृती". दुसऱ्या बाजूचं वर्तुळ, ५, "हात घट्ट". आणि खाली एके ठिकाणी चक्क ७. मी विचारलं हे काय? ताई चष्मा वर करून बघत राहिल्या. लगाम लांब सोडून घोड्याला मान खाली घालून मोकळं चालू द्यायचं असतं, ती हालचाल. शेरा होता "छान, घोडा निवांत". हा ७ त्यांनी वाचलाच नव्हता! एकूण टक्के बघितले आणि कागद पर्सच्या तळाशी.

मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, या पानावर तुमच्या वयाबद्दल, अंगाबद्दल, इंग्रजीबद्दल एक शब्द असेल तर त्याला गोल करा. त्यांनी खरंच वरपासून खालपर्यंत पेन्सिल फिरवली. एकही गोल नाही. वर्तुळ, हात, घोड्याचा मागचा पाय, संपलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग टक्क्यांचं. मला आकडे बघायची खोड, मी हांगझोचा निकाल काढून ठेवला होता. टीमचा स्कोअर २०९.२०५, म्हणजे तिघांच्या टक्क्यांची बेरीज. अनुष अगरवाला ७१.०८८, आपल्या मुंबईचा हृदय छेडा ६९.९४१, दिव्यकृती सिंग ६८.१७६. म्हणजे आशियातलं गोल्ड सरासरी सत्तरच्या आत! बँकवाल्या बाईंनी मोबाईलवर भागाकार करून खात्री करून घेतली. अर्थात त्यांची टेस्ट, म्हणजे करून दाखवायच्या चालींचा ठरलेला क्रम, ताईंच्या टेस्टपेक्षा कितीतरी कठीण, तुलना तशी होत नाही, पण इथले ५६ म्हणजे शाळेतले ५६ नव्हेत एवढं कळलं. आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, टीम चौघांची असते, चांगले तीन स्कोअर धरतात, चौथा धरत नाहीत. त्या टीममध्ये चौथी होती सुदीप्ती हजेला, आणि गोल्ड तिच्याही गळ्यात आहे. तिला खोगीरभरती म्हणाल का, असं मी विचारलं तर ताई म्हणाल्या, "छे हो, काहीतरीच."

वयाबद्दलही मी जोरात होते, सांगितलं की लंडन ऑलिम्पिकला २०१२ मध्ये जपानचे हिरोशी होकेत्सू ७१ व्या वर्षी ड्रेसाजमध्ये उतरले होते. यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, त्यांचे गुडघे जपानी." हा मुद्दा मी सोडून दिला.

पण एवढ्याने माणूस ग्रुपात रुळत नाही, मार्कांची भीती गेली तरी परकेपणा राहतोच. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळलं त्यांचा सकाळचा दिवसक्रम विचारल्यावर. साडेसहाला गाडी लावायची, सईसने खोगीर वगैरे चढवून तयार ठेवलेल्या घोड्यावर बसायचं, पाऊण तास रायडिंग, उतरून लगाम सईसच्या हातात, आणि बँक गाठायची म्हणून पळत सुटायचं. आठ महिन्यांत त्या तबेल्यात उभ्याच राहिल्या नव्हत्या. आता घोड्यावर बसून कोण गप्पा मारतं? ओळखी होतात त्या आधी आणि नंतर, तबेल्यात, नळापाशी, चहाच्या टपरीवर.

म्हणून काम एकच दिलं. अर्धा तास आधी जायचं आणि आपल्या घोड्याचं सगळं आपण करायचं. कुणाशी बोलायची सक्ती नाही. हा घोडा रेसमधून निवृत्त झालेला, कागदावर लांबलचक इंग्रजी नाव, पण सईसमामा त्याला पाटील म्हणतात कारण खाणं झाल्याशिवाय हलत नाही. मामांनी ताईंना खरारा हातात दिला, मानेपासून सुरुवात, गोल गोल फिरवत मागे, हाडाच्या जागी हलका हात. मग ब्रश. मग खूर, घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून खांद्याशी चिकटून उभं राहायचं, पायावरून हात खाली सरकवत न्यायचा, खूर उचलला की टाचेकडून पुढे कोरून माती काढायची, मधल्या मऊ त्रिकोणी भागाला टोचायचं नाही. पहिल्या दिवशी पाटलाने सगळा भार त्यांच्यावर टाकून दिला आणि डोळे मिटले. ताई मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा उजवा हात हवेत गोल फिरत होता, त्यांना पत्ताच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या खणातल्या बाई म्हणाल्या, "जरा माझा घोडा धरता का, फोन आलाय." मग एकदा कुणाचा रबरबँड हवा होता, एकदा यांच्या डब्यातल्या चकल्या संपल्या. तिसऱ्या महिन्यात, पुढच्या शोच्या आदल्या दिवशी, ती आंटीवाली मुलगी तबेल्याच्या मागे रडताना सापडली. तिला टेस्टचा क्रम पाठ होत नव्हता. अशा सुरुवातीच्या टेस्टमध्ये कुणीतरी मैदानाबाहेर उभं राहून क्रम मोठ्याने वाचून दाखवलेला चालतो, आणि जो वाचणार होता त्याचा घसा बसलेला. ताईंनी एवढी वर्षं काउंटरवरून टोकन नंबर पुकारलेत. त्यांनी कागद घेतला. "ए, एंटर, वर्किंग ट्रॉट", अस्सल सदाशिव पेठी इंग्रजीत, पार पार्किंगपर्यंत ऐकू जाईल असा आवाज. त्या दिवशी एकापाठोपाठ एक पाच जणांच्या टेस्ट त्यांनी वाचल्या.

एक सांगायला हवं, नाहीतर वाटेल मी सगळं तुमच्या मनाचे खेळ म्हणते. तसं नाही. हा शौक महाग आहे, पैशाची दरी खरी आहे, काही माणसं खरोखर तुसडी असतात आणि ताईंच्या क्लबातही दोघंतिघं अजून यांच्याकडे बघत नाहीत. मी लोकांना सांगते की तीन महिने आधी जाऊन, हाताने काहीतरी काम करून बघा, आणि तरीही तिथे कुणाला तुमचं नाव माहीत नसेल तर खुशाल दुसरा ग्रुप शोधा, त्यात हार वगैरे काही नाही. आणि शिकवणारा चारचौघांत अपमान करत असेल किंवा भीती वाटतेय म्हटल्यावर जबरदस्तीने पुढे रेटत असेल तर तीन महिनेही थांबू नका, घोड्यावर तर नाहीच नाही.

परवा ताईंचा मेसेज आला, शीटचा फोटो, यावेळी घड्या न घातलेली. ५९ टक्के. टेस्ट त्या मुलीने वाचली होती, ताई म्हणतात फार भरभर वाचते. थांबणं अजून ५ च, शेरा "घोड्याचं लक्ष बाहेर". खाली ताईंनी लिहिलं होतं, मामा गूळ घेऊन कुंपणापाशी उभे होते.