कॅसिनोत क्रॅप्स कसं खेळायचं आणि पैसे नेमके कुठे लावायचे?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच लास व्हेगासला जाताय, क्रॅप्स या फाशांच्या खेळाच्या टेबलाभोवतीचा जल्लोष बघून खेळून बघावंसं वाटतं, पण कापडावरचे असंख्य चौकोन पाहिले की हात आखडतो. उत्तर आधीच देऊन टाकतो: पास लाइनवर टेबलाची किमान रक्कम लावा, पॉइंट ठरला की तिच्या मागे ऑड्स लावा, आणि टेबलाच्या मधल्या भागात एक डॉलरही ठेवू नका. कॅसिनोतल्या बहुतेक खेळांपेक्षा हे स्वस्तात पडतं. पण यामागचं कारण कळलेलं नसेल, तर टेबलापाशी उभं राहिल्यावर पंधरा मिनिटांत निश्चय ढळतो. माझा पहिल्याच रात्री ढळला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितोय; पास लाइन, पॉइंट, ऑड्स हे शब्दही पुढे उलगडतील.

सगळा खेळ एका गोष्टीवर उभा आहे. दोन फाशांचं दान 36 प्रकारे पडू शकतं. त्यात बेरीज सात येण्याचे प्रकार सहा: 1-6, 2-5, 3-4 आणि त्यांचे उलटे. सहा आणि आठ यांचे पाच-पाच, पाच आणि नऊ यांचे चार-चार, चार आणि दहा यांचे तीन-तीन, तीन आणि अकरा यांचे दोन-दोन, तर दोन आणि बारा यांचा फक्त एकेक. एवढं पाठ करून जा. टेबलावरची प्रत्येक पैज चांगली की वाईट, हे या आकड्यांवरून स्वतःचं स्वतः काढता येतं.

आता डाव कसा चालतो ते. फासे फेकणाऱ्याला शूटर म्हणतात. त्याचं पहिलं दान म्हणजे कम-आउट. त्या आधी तुम्ही पास लाइनवर, म्हणजे तुमच्या समोरून टेबलाच्या कडेकडेने जाणाऱ्या लांब पट्ट्यावर, चिप्स ठेवायच्या. कम-आउटला 7 किंवा 11 आले की तुम्ही लगेच जिंकलात, लावले तेवढेच पैसे वर मिळतात. 2, 3 किंवा 12 आले की लगेच हरलात. म्हणजे 36 पैकी आठ दानं तुमच्या बाजूने आणि चार विरुद्ध. बाकी कुठलाही आकडा आला, म्हणजे 4, 5, 6, 8, 9 किंवा 10, की तो पॉइंट ठरतो. डीलर एक गोल चकती पांढऱ्या बाजूने त्या आकड्यावर ठेवतो. तिच्यावर ‘ऑन’ लिहिलेलं असतं. इथून पुढे सात वैरी होतो. शूटर फेकत राहतो. पॉइंटचा आकडा आधी आला तर तुम्ही जिंकलात, सात आधी आला तर हरलात आणि फासे पुढच्या माणसाकडे जातात. याला सेव्हन-आउट म्हणतात. मधे दुसरं काहीही पडलं तरी पास लाइनला त्याचं सोयरसुतक नसतं.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पॉइंट ठरल्यावर पारडं तुमच्या विरुद्ध झुकलेलं असतं. पॉइंट 4 असेल तर तुमच्याकडे तीन प्रकार, साताकडे सहा. म्हणूनच एकदा पॉइंट ठरला की पास लाइनवरचे पैसे उचलता येत नाहीत. कम-आउटला मिळालेला फायदा आणि नंतरचा तोटा यांची बेरीज केली की 495 पैकी 244 वेळा तुम्ही जिंकता आणि 251 वेळा हरता. कॅसिनोचा वाटा, ज्याला हाऊस एज म्हणतात, येतो 1.41 टक्के. 15 डॉलरच्या पैजेवर सरासरी 21 सेंट.

आणि आता ऑड्स. टेबलावरची सगळ्यात प्रामाणिक पैज हीच, आणि कापडावर बहुधा तिच्यासाठी जागासुद्धा आखलेली नसते. पॉइंट ठरला की पास लाइनवरच्या चिप्सच्या मागे, तुमच्या बाजूला, आणखी चिप्स ठेवायच्या. पॉइंट आला तर या पैशांवर खऱ्या शक्यतेप्रमाणे पैसे मिळतात: 4 आणि 10 वर एकास दोन, 5 आणि 9 वर दोनास तीन, 6 आणि 8 वर पाचास सहा. यात कॅसिनोचा वाटा शून्य. समजा, पास लाइनवर 15 डॉलर आहेत आणि पॉइंट 6 ठरला. तुम्ही मागे 25 लावले. सहा आला की पास लाइनचे 15 आणि ऑड्सचे 30, असे 45 डॉलर मिळतात. सहा किंवा आठ असेल तर ऑड्स पाचच्या पटीत लावा, पाच किंवा नऊ असेल तर सम रकमेत. नाहीतर देणं पूर्णांकात बसत नाही आणि वरचे सुटे सेंट बुडतात. हे पैसे तुम्ही केव्हाही परत घेऊ शकता.

किती ऑड्स लावता येतील हे टेबलावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. नेहमीचा नियम 3-4-5 पटींचा: चार-दहाला तिप्पट, पाच-नऊला चौपट, सहा-आठला पाचपट. पूर्ण ऑड्स लावले तर पॉइंट कुठलाही असो, ऑड्सवरचं जिंकणं पास लाइनच्या बरोब्बर सहापट येतं. डीलरला हिशेब सोपा जावा म्हणून बसवलेली ही रचना मला फार आवडते. पण लक्षात घ्या, ऑड्समुळे कॅसिनोचा वाटा वाढत नसला तरी तुमच्या पैशांचे चढउतार मात्र जबरदस्त वाढतात. खिशात 300 डॉलर असतील आणि टेबल 15 चं असेल, तर मी दुप्पट ऑड्सच्या वर जात नाही.

तिसरी पैज चालेल अशी म्हणजे 6 किंवा 8 वर प्लेस लावणं, म्हणजे तो आकडा साताच्या आधी येईल यावर पैसे लावणं. सहाच्या पटीत पैसे द्यायचे, कारण सहास सात मिळतात; 18 लावले तर 21. कॅसिनोचा वाटा 1.52 टक्के. हे पैसे स्वतः ठेवायचे नसतात, चिप्स समोर ठेवून डीलरला ‘प्लेस द सिक्स’ म्हणायचं. हीच प्लेस 5 किंवा 9 वर लावली की वाटा 4 टक्के, 4 किंवा 10 वर 6.67. कम नावाची जी पैज आहे ती म्हणजे मधेच सुरू केलेली पास लाइनच. हात बसला की वापरून बघा. डोन्ट पास ही उलटी पैज गणिताने किंचित चांगली, 1.36 टक्के, पण अख्खं टेबल हरतं तेव्हा तुम्ही जिंकता. पहिल्या दिवशी लोकांबरोबर ओरडण्यातली मजा घालवू नका असं मी म्हणेन.

मग राहिला मधला भाग, जिथे माझे पैसे गेले. हातात लांब काठी घेतलेला स्टिकमन फासे सरकवतो आणि सतत मधल्या पैजा पुकारत असतो: हार्डवे (दोन्ही फाशांवर सारखा आकडा), एनी सेव्हन (पुढचंच दान सात), यो (अकरा). त्याच्या आवाजात अशी काही लय असते की पाच डॉलर फेकावेसे वाटतातच. पहिल्या रात्री मी पास लाइनवर जवळपास बरोबरीत होतो आणि तरी 200 डॉलर घालवून उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बसलो तेव्हा कारण दिसलं. हार्डवेतली एक पैज हार्ड एट, म्हणजे 4-4 पडणं: जिंकण्याचा प्रकार एक. हरण्याचे दहा, कारण आठ इतर चार प्रकारे पडला तरी हरलात आणि सात सहा प्रकारे पडला तरी हरलात. एकास दहा मिळायला हवेत, मिळतात नऊ. वाटा 9.09 टक्के. एनी सेव्हन त्याहून वाईट: सहात एकदा लागते म्हणजे एकास पाच हवेत, मिळतात चार, वाटा 16.67 टक्के. पाच डॉलर लावले तर सरासरी 83 सेंट गेले, म्हणजे 15 डॉलरच्या पास लाइनच्या जवळजवळ चौपट. शिवाय पास लाइनचा निकाल लागायला सरासरी तीनहून अधिक दानं लागतात, एनी सेव्हनचा दर दानाला लागतो. पैसे झिरपून जातात ते असे. दोन किंवा बारा एकट्याने पकडायला जाल तर सहसा एकास तीस मिळतात, हवेत पस्तीस.

एक ताकीद मनापासून: ‘क्रॅपलेस क्रॅप्स’ अशी पाटी दिसली तर पास लाइनला लागू नका. कम-आउटला 2, 3, 12 वर हरत नाही हे ऐकायला गोड वाटतं, पण त्या बदल्यात 11 वरचं जिंकणंही जातं आणि वाटा 5.38 टक्क्यांवर पोचतो.

तुम्ही मार्टिंगेलबद्दलही विचारलंय, म्हणजे हरलं की दुप्पट लावत जायचं. 15 पासून सुरुवात केली तर 30, 60, 120, 240, 480 आणि सातवी पैज 960 डॉलरची होते. सलग सात वेळा पास लाइन हरण्याची शक्यता साधारण 116 त एक. हे घडेल त्या दिवशी 1905 डॉलर गेलेले असतील, तेही 15 डॉलर कमावण्यासाठी. आठव्या पैजेला अनेक टेबलांची कमाल मर्यादा आडवी येते. तसंच ‘खूप वेळ सात आला नाही, आता येणारच’ हा विचारही सोडा. फाशांना मागचं दान आठवत नाही. प्रत्येक वेळी सात येण्याची शक्यता सहात एकच. शूटर सरासरी साडेआठ दानं टिकतो, पण 2009 मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत एक बाई 154 दानं टिकल्या होत्या, चार तासांहून अधिक वेळ. त्या टेबलावर पास लाइन लावून उभं असण्याचं भाग्य कुणाला लाभलं असेल, असं मला अजून वाटतं.

टेबलावर वागायचं कसं, तेही सांगतो. नोटा डीलरच्या हातात देऊ नका, तो घेणार नाही. फासे स्टिकमनकडे असताना कापडावर ठेवा आणि ‘चेंज’ म्हणा. फासे हवेत असताना हात टेबलाच्या आत नकोत. पेय कठड्यावर ठेवू नका, खाली फळी असते. तुमची पाळी आली तर फासे एकाच हाताने उचला, फेकताना दोन्ही पलीकडच्या रबरी उंचवट्यांच्या भिंतीला लागले पाहिजेत. फेकायची इच्छा नसेल तर नको म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही. आणि फासे चालू असताना ‘सात’ हा शब्द तोंडातून काढू नका. गणिताने त्याचा काही संबंध नाही, तरी शेजारी उभ्या माणसाच्या भावना आहेत, त्या जपाव्यात.

स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, संध्याकाळी किमान रक्कम चढलेली असते. सकाळी जा, किंवा डाउनटाउनला फ्रीमॉंट स्ट्रीटकडे जा; कमी रकमेची टेबलं तिथे सापडायची शक्यता जास्त. आधी अर्धा तास नुसतं उभं राहून बघा, चकती कुठे सरकते तेवढं पाहत राहा. काही कॅसिनोंत छोट्या पारदर्शक घुमटाखाली फासे उडवणारी क्रॅप्सची यंत्रं असतात, तिथे थोडक्या पैशांत हात बसवता येतो. वय 21 पूर्ण हवं, पासपोर्ट जवळ ठेवा.

निघताना चिप्सचा ढीग उचलून चालू लागू नका. दोन दानांच्या मधे सगळ्या चिप्स डीलरसमोर ठेवा आणि ‘कलर अप’ म्हणा. तो मोजून मोठ्या किमतीच्या मोजक्या चिप्स देतो. त्या चिप्स कॅशियरच्या खिडकीवर नेऊन पैसे घ्यायचे.